हलक्या कानाचं नाणं

टांकसाळीतून बाहेर पडायच्या वाटेवर एक फळी होती. खालून पोकळ, वरून लोखंडी पट्ट्या मारलेली. काम सुटलं की प्रत्येकाने त्या फळीवर चढून तीन उड्या मारायच्या. कमरेला, अंबाड्यात, वहाणेच्या तळव्यात कुणी नाणं दडवलं असेल तर ते वाजेल आणि पहारेकरी पकडेल, असा सरकारचा हिशेब. काटामावशीने त्या फळीवर एकतीस वर्षं उड्या मारल्या. सातवा महिना चालू असतानाही मारल्या. "नियम म्हणजे नियम," असं तेव्हाचा पहारेकरी म्हणाला होता आणि त्याने खरोखरच वाकून कान लावला होता. पोटातलं पोर वाजलं नाही, म्हणून दोघांना घरी सोडलं.

हे ती हसत सांगायची. ऐकणारेही हसायचे. गर्भार बाईला उड्या मारायला लावणाऱ्या सरकारला शिव्या घालायच्या सोडून माणसं हसतात, यावरच साम्राज्यं चालतात. तलवारीबिलवारीचं काही खरं नाही.

मावशीचं काम नाणी तोलायचं. म्हणून काटामावशी. तिची जीभही तशीच होती, त्यामुळे नाव दोन्हीकडून चिकटलं. सहा वर्षांपूर्वी तिला घरी बसवलं होतं. पण थोरले सम्राट गेले, नातू गादीवर बसला आणि बसल्या बसल्या त्याने पहिलं काम केलं ते आजोबांचा तोंडवळा लोकांच्या खिशातून काढून घ्यायचं. सगळी चांदीची नाणी तीन महिन्यांत परत करा, बदल्यात नवी घ्या. जुनी नाणी नुसत्या स्पर्शाने ओळखणारी माणसं नव्या भरतीत कुठून असणार? मग म्हाताऱ्या तोलणाऱ्या बायकांना घरोघरून बोलावून आणलं. मावशीला तिचा जुना लाकडी बिल्लासुद्धा परत मिळाला, एक्केचाळीस नंबरचा.

आज त्या तीन महिन्यांचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचचा टोला पडला की जुनं नाणं बाळगणं गुन्हा. सहा महिने कोठडी.

आणि मावशीला त्याआधी एक नाणं हवं होतं. एकच. ते खर्चायचं नव्हतं तिला.

*

त्या नाण्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणीच घ्यायचं नाही. लोक त्याला कान्या म्हणायचे. तांब्याचे बारा ठिपके म्हणजे एक कान्या, वीस कान्ये म्हणजे एक मोहर. मोहर आपल्यासारख्यांनी फक्त ऐकलेली. कान्यावर थोरल्या सम्राटांचा चेहरा होता, डावीकडून काढलेला, आणि त्या चेहऱ्यात सगळ्यांत उठून दिसायचा तो कान. नाकापेक्षा, मुकुटापेक्षा वर आलेला, ठसठशीत कान.

आता गंमत अशी की थोरल्या सम्राटांना डावा कान नव्हताच.

कुणी म्हणायचं लढाईत गेला, कुणी म्हणायचं लहानपणी सख्ख्या भावाने चावून तोडला. उजवा कान होता, पण उजवा डोळा नव्हता. तेव्हा उजवीकडून काढावं तर डोळा नाही, डावीकडून काढावं तर कान नाही. या माणसाने चाळीस वर्षं राज्य केलं ते सगळं कानाडोळा करून, असं लोक उगीच म्हणत नसत.

राजधानीतल्या चित्रकाराने डोकं लढवलं. नसलेला डोळा काढला तर तो बघतो आहे असं दाखवावं लागेल, ते अवघड. कान काय, नुसता असला की झालं. त्याने डावीकडून चित्र काढलं आणि कानाच्या जागी अंड्याएवढी कोरी जागा सोडून लाल शाईत लिहिलं, "येथे कान. बेताचा असावा." खाली सही नाही. शहाणा माणूस.

ते चित्र आलं टांकसाळीच्या ठसेवाल्याकडे. हा मावशीचा नवरा. पोलादात चित्र कोरणारा, तेही उलटं आणि खोल, म्हणजे चांदीवर ते सुलटं आणि वर आलेलं उमटतं. बोलायला कमी. डोळे मात्र असे, की एकदा पाहिलेली वस्तू वर्षाने हुबेहूब कोरेल. पण न पाहिलेली कोरता येत नव्हती. कान हवा होता आणि कुणाचा घ्यावा हे चित्रात लिहिलेलं नव्हतं. आठवडाभर तो टांकसाळीत माणसांचे कान बघत हिंडला. भट्टीवाल्याचे सुपासारखे. कारकुनाचे सुकल्या अंजिरासारखे. पहारेकऱ्याच्या कानांत इतके केस, की पोलाद संपलं असतं.

मग एका दुपारी मावशी खिडकीशी पाठ करून बसली होती, फाटका सदरा दुरुस्त करत. सुई डोळ्यांजवळ धरून, मान जरा वाकडी. केस बांधलेले. ठसेवाला भाकरतुकडा मोडता मोडता थांबला आणि तसाच उठून कामावर गेला. ताट तसंच. मावशीला वाटलं, कालवण खारट झालं असेल.

वीस दिवसांनी तो घरी आला आणि त्याने तिच्या हातावर एक नाणं ठेवलं. नव्या ठशाचं पहिलं नाणं कोरणाऱ्याचं, हा टांकसाळीतला एकमेव हक्क, जो कुणी अजून काढून घेतला नव्हता.

"बघ जरा," तो म्हणाला. "ओळखीचं काही दिसतंय का?"

तिने पाहिलं. मुकुट पाहिला, नाक पाहिलं, दाढी पाहिली. "म्हातारा दिसतोय की."

"अगं, नीट बघ."

मग तिला तो कान दिसला. कानाच्या वरच्या कडेला एक बारीक खाच. लहानपणी शेजारच्या कोंबड्याने मारलेल्या चोचीची. तिचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला. आणि पाळीत एक टिंब, सुईच्या टोकाएवढं.

"अहो!" ती किंचाळलीच. "भोकसुद्धा कोरलंत?"

"दिसलं ते कोरलं."

"सम्राटाच्या कानाला भोक?"

ठसेवाल्याचा चेहरा पडला. ते त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याचं काम डोळ्यांचं. डोक्याचा आणि त्याचा फारसा संबंध नव्हता. त्या रात्री दोघं जागी राहिली. दारावर थाप पडेल आणि याला घेऊन जातील, असं धरून तिने त्याच्यासाठी एक जाड सदराही बांधून ठेवला.

थाप पडली नाही. कारण, कान चुकला असं म्हणायचं तर आधी म्हणावं लागणार, की सम्राटांना कान नाही. आणि ते म्हणण्याची शिक्षा सगळ्यांना पाठ होती. दरबारात नाणं हातोहात फिरलं, प्रत्येकाने वा वा केली. खुद्द सम्राटांनी ते एका डोळ्याने पाहिलं आणि म्हणे बराच वेळ पाहत राहिले. सहा महिन्यांत दरबारातल्या पुरुषांनी डावा कान टोचून घेतला. वर्षाने कारकुनांनी, मग दुकानदारांनी, मग ज्यांना जेवायची भ्रांत त्यांनीसुद्धा. सोनारांची चंगळ झाली. बाजारातून जाताना टोचलेले पुरुष दिसले की मावशी पदर तोंडावर घेऊन हसायची आणि ठसेवाला तिला कोपराने ढोसायचा.

एवढंच दोघांचं गुपित. बाकी श्रीमंती नव्हतीच काही.

*

पण कान्याचं पुढे काय झालं, ते महत्त्वाचं. सम्राटाचं दार आपल्याला उघडायचं नाही, अर्ज कचऱ्यात जातात, हे लोकांना माहीत होतं. कुणीतरी, कोण कुणास ठाऊक, कर भरायला उभा असताना नाणं तोंडाशी धरलं, त्या कानावरून अंगठा फिरवला आणि पुटपुटला, "पाणी नाही गावात तीन महिने. घाल त्याच्या कानावर." तिथून सुरू झालं. कान्या हातातून सोडायच्या आधी माणूस कानावर अंगठा फिरवायचा आणि मनातलं बोलायचा. कुणाचं पोर लढाईवरून आलं नव्हतं. कुणाची जागा मुकादमाने लाटली होती. सगळं त्या कानात.

मावशी तोलायला बसली की हे तिला कधी कधी सुचायचं आणि काटा हातात तसाच राहायचा. आपल्या कानात सगळ्या साम्राज्याने तोंड घातलंय. तेही अशा कानात, की ज्याला धड ऐकू येत नाही. कारण तिच्या डाव्या हाताला नाणी ओतायचं पन्हळ होतं. दिवसभर त्यातून चांदी कोसळायची, आणि दहा-बारा वर्षांत तो कान बसला. मग ठसेवाला मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला बसून काहीबाही बोलायचा. ती विचारायची, "काय म्हणालात?" तो म्हणायचा, "कुठे काय." आयुष्यभर हेच.

अंगठ्यांनी कान झिजले. नाण्यावर जे सगळ्यांत वर, ते आधी जातं. कान सपाट झाला की नाणं तेवढं हलकं भरायचं. तोलणाऱ्या बायका अशा नाण्याला म्हणायच्या "हलक्या कानाचं" आणि ते वेगळ्या परातीत टाकायच्या. आता परत घेण्याच्या वेळी सरकारने हाच शब्द नियमात घातला. भरल्या कानाच्या नाण्याला चार नवी, हलक्या कानाच्याला तीन, अगदी गुळगुळीताला दोन.

म्हणजे काय झालं, ते कुणी मोठ्याने बोललं नाही. ज्याने जास्त गाऱ्हाणी सांगितली, त्याचं नाणं जास्त झिजलं, त्याला कमी मिळालं. ज्याला सम्राटाशी बोलायची कधी गरजच पडली नाही, ज्याची नाणी पोत्यात झोपून होती, त्याला पुरे चार. रडण्याचेही पैसे कापून घेतले हरामखोरांनी.

आणि नवं नाणं तरी काय? पांढऱ्या हलक्या धातूचं, वर नुसता आकडा. ना चेहरा, ना कान. फरशीवर टाकलं तर वाजतही नाही, बसल्या बसल्या ढेकर दिल्यासारखा आवाज करतं. लोकांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, पत्रा.

ठसेवाल्याने दिलेलं पहिलं नाणं मावशीने पस्तीस वर्षं सुईदोऱ्याच्या डबीत ठेवलं होतं. कधी खर्चलं नाही, कधी अंगठा फिरवला नाही. चार वर्षांपूर्वी ठसेवाला गेला, तेव्हा तिने ती डबी उशाशी घेतली. आणि तीन महिन्यांपूर्वी, फर्मान आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुलगा संध्याकाळी हसत घरी आला.

"आई, तुझ्या डबीत एक कान्या होता ना, तो बदलून आणला. उगाच राहून जायचा. आणि ऐक, सगळ्यांना तीन मिळत होते, आपल्याला चार! भरल्या कानाचा निघाला!"

चारांतून त्याने स्वयंपाकघरातल्या दिव्याला नवी काच आणली होती. जुनी तडकली होती, हे खरं. आईचे डोळे आता अधू, हेही खरं. मुलगा वाईट नव्हता. त्याला काही सांगितलेलंच नव्हतं. सांगायची चोरी होती. सम्राटाच्या कानाबद्दल बोलणं पोराच्या जिवावर बेतलं असतं. मावशी डबी उघडून बसली. सुया होत्या, रीळ होतं. "बरं केलंस," ती म्हणाली.

आठवड्याने टांकसाळीचा निरोप आला, तेव्हा ती एका शब्दावर तयार झाली. मुलाला वाटलं, मजुरीसाठी.

*

तीन महिने रोज हजारो कान्ये तिच्या बोटांखालून गेले. एकाचाही कान धड नाही. कुठे अर्धी पाळी, कुठे नुसता फुगवटा. खाच कुठेच नाही. शहरातल्या, खेड्यांतल्या, बंदरावरच्या लोकांची नाणी. सगळ्यांनी बोलून बोलून तिचा कान खाऊन टाकला होता.

शेवटच्या दिवशी दुपारी एक हमाल आला. खांद्याला पट्ट्याचा घट्टा. त्याने सात कान्ये मोजून ठेवले. मावशीने तोलले. पाच गुळगुळीत, दोन हलके.

"सोळा पत्रे होतात, दादा."

"सोळा?" हमाल म्हणाला. "मला वाटलं अठ्ठावीस."

"कान गेलेत सगळ्यांचे."

"जाणारच. बोललोय मी यांच्याशी." तो काट्याकडे बघत राहिला. "मावशी, त्या बोलण्याचं वजन नाही का करत तुम्ही?"

शेजारच्या काट्यावर ठेंगी बसायची, मावशीच्या बरोबरीची, तोंडाळ. तिनेही हातातलं नाणं तसंच धरून हमालाकडे पाहिलं. मावशीने सोळा पत्रे मोजून दिले. ते ढेकर देत हमालाच्या मुठीत पडले.

तो गेला आणि दारात गाडी उभी राहिली. कोठारवाल्याची, शहरातल्या बड्या धान्यव्यापाऱ्याची. अकरा पोती, लाखेने मोहोरबंद. कोठारवाला स्वतः आला होता. बडे कारकून खुर्चीतून उठले. सकाळपासून पहिल्यांदाच.

"यांची मोजणी कोठारातच झाली आहे," कारकून म्हणाले. "तोलायची गरज नाही. सगळा माल भरल्या कानाचा. थेट भट्टीकडे."

मावशीच्या हातातला काटा थांबला. भरल्या कानाचा.

"काट्याशिवाय कसं कळलं, साहेब?"

"मावशी, शेवटचा दिवस आहे. वाद नको."

"वाद कुठे घालतेय? आत्ता त्या हमालाची सात नाणी एकेक करून तोलली. नियम म्हणजे नियम. का पोत्यांना वेगळा?"

"अगदी बरोबर," ठेंगी म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं, पण कारकुनाला टोचायची संधी ती सोडत नसे. "वरून कुणी विचारलं तर आम्ही काय सांगू? साहेबांनी वासावरून ओळखलं?"

कारकुनांचा चेहरा लाल झाला. कोठारवाला मात्र हसला. "तोलू द्या हो. एक पोतं उघडा. आमची नाणी कुणी हाताळलेलीच नाहीत."

ते तो अभिमानाने म्हणाला.

*

मावशीने लाख फोडली आणि पोतं परातीत ओतलं. आवाज झाला. खरा, चांदीचा. कान बसलेला होता तरी हाडातून ऐकू आला. तिची एकतीस वर्षं त्या आवाजात होती: ठसेवाल्याचा जेवणाचा डबा, भट्टीच्या भिंतीला टेकून घेतलेली डुलकी, फळीवरून उतरताना त्याने दिलेला हात.

परातीत शंभरेक चेहरे उताणे पडले होते. आणि प्रत्येकावर कान. वळण, कडा, खाच, पाळीतलं टिंब, जिथल्या तिथे. कुणी अंगठा लावला नव्हता, कुणी शब्द बोललं नव्हतं. चोवीस वर्षांची बाई खिडकीशी बसून सदरा शिवत होती, मान जरा वाकडी करून. शंभर वेळा.

"काय बघतेस एवढं?" ठेंगी कुजबुजली, पण उजव्या बाजूने. "ओळखीचा आहे का?"

"नात्यातला आहे."

"हवाय का एखादा? जिभेखाली ठेव. वाजत नाही."

"आपल्यातल्या त्या गोरीने एकदा ठेवला होता. दुसऱ्या उडीला गिळला. मग तो परत येईपर्यंत तीन दिवस तिला पहाऱ्यात बसवली होती."

ठेंगीने हसू दाबलं. मावशीलाही हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच. एक नाणं कमी पडलं तर परात जुळणार नाही. जुळली नाही तर ठेंगीचीही झडती. आणि वर ती फळी. सरकारची नाणी सरकारच्या परातीत होती, आणि तासाभरात ती वितळून लाल पाणी होणार होती.

तिने तोलायला सुरुवात केली. सवयीने. एक, बरोबर. दोन, बरोबर. बाजूला पोतं परत बंद करण्यासाठी लाख वितळत ठेवली होती, छोट्या शेगडीवर. तिचा वास नाकात गेला. आणि तिला आठवलं.

ठसा कोरून झाला की ठसेवाला तो लाखेवर उमटवून बघायचा, कुठे चूक राहिली का. नाणंही कधी कधी दाबून बघायचा. तेव्हा चित्र उलटं, खोल, ठशात असतं तसं उमटायचं. "आधी तेलकट बोट फिरवायचं," तो सांगायचा. "नाहीतर लाख धरून ठेवते."

सरकारला चांदी हवी होती. लाख नको होती.

तिने गळ्यातला बिल्ला उलटा केला. पाठीमागे कोरं लाकूड. पोत्यासाठी लाख ढवळता ढवळता एक थेंब, मग दुसरा, बिल्ल्यावर सांडू दिला. एक कान्या उचलला, केसांतलं तेल बोटाने त्याच्यावर फिरवलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या कानावर तिचं स्वतःचं बोट फिरलं. मग दाबला. मनात दहा मोजले, लाख बसेपर्यंत. सोडवला, पदराने पुसला आणि परातीत ठेवला.

"पोतं जुळलं," ती मोठ्याने म्हणाली. "भरल्या कानाचं आहे, साहेब. सगळंच्या सगळं."

"मी म्हटलं नव्हतं?" कारकून म्हणाले.

*

पाचचा टोला पडला. बायका रांगेत फळीवर चढल्या. ठेंगीने शेवटची उडी अशी मारली, की फळीची एक पट्टी उखडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मावशी चढली. एक. दोन. तीन. गुडघे वाजले, आणखी काही नाही.

"उतर मावशी," पहारेकरी म्हणाला. तरणाबांड, नव्या भरतीतला. "आणि बिल्ला ठेव."

"का?"

"परत घ्यायचे आहेत सगळे. यादी आहे."

तिने बिल्ला मुठीत धरला. पोरगा रागावला नाही, पण हात पुढे केलेला तसाच ठेवला. शेवटी त्यानेच तो तिच्या बोटांतून सोडवला, पाठ बघितली आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"हे काय?"

खोटं बोलायला तिला वेळ होता. लाख सांडली म्हणता आलं असतं. पण खोलगट कानाच्या पाळीत टिंब स्पष्ट उमटलं होतं, आणि पोराच्या डाव्या कानाला तसंच भोक होतं, बारीक बाळी घातलेलं.

"कान टोचलास कधी रे?"

"हे काय आता? लहानपणीच. बापाने टोचून आणला. सम्राटांसारखा."

"सम्राटाला डावा कान नव्हता, बाळा."

पोराने मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं का ते. जुन्या सम्राटाचं भय अजून हाडात होतं, माणूस मेला तरी.

मावशीने केस मागे सारले. डावा कान उघडा केला. सुरकुतलेला, पाळी लोंबलेली, पण वरच्या कडेला कोंबड्याची खाच जिथल्या तिथे. "घे. लाव पडताळून. तुझा धंदा आहे तो."

पहारेकऱ्याने बिल्ला तिच्या कानाशेजारी धरला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. लाखेतलं उलटं आणि खोल, कानावरचं सुलटं. बराच वेळ लागला त्याला. मग त्याने नकळत आपल्या बाळीला हात लावला.

"म्हणजे माझ्या बापाने..."

"माझ्यासारखा टोचला तुला. बरं दिसतं. रडू नकोस."

तो रडत नव्हता, हसत होता, खांदे हलवून, आवाज दाबून. मागची रांग ओरडायला लागली. त्याने यादी ओढली, टाक घेतला आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "एक्केचाळीस. बिल्ला हरवला. दंड, एका दिवसाची मजुरी." मग बिल्ला तिच्या मुठीत परत सरकवत हळूच म्हणाला, "तेवढं भरावं लागेल, मावशी. त्याशिवाय यादीतला नंबर पुसता येत नाही."

तिने दिवसभराची मजुरी, पाच पत्रे, त्याच्या पेटीत टाकले. पेटीने पाचदा ढेकर दिला. इतक्या आनंदाने तिने सरकारला कधी काही दिलं नव्हतं.

*

घरी मुलगा दिव्याची काच पुसत बसला होता. तीच ती. आई आत आली, पाण्याचा तांब्या उचलला, एका दमात प्यायली.

"संपलं एकदाचं," तो म्हणाला. "मजुरी मिळाली?"

"दंडात गेली."

"दंड? कसला दंड?"

ती त्याच्या समोर बसली, उजवा कान त्याच्याकडे करून. आणि तिने त्याची कानउघाडणी केली. तीन महिने तुंबलेली, पाट फोडल्यासारखी. आईच्या डबीला हात लावायचा नसतो म्हणून. विचारल्याशिवाय काही विकायचं नसतं म्हणून. चार मिळाले म्हणून नाचायचं नसतं म्हणून. तो काच हातात धरून, तोंड उघडं टाकून ऐकत होता. मग तिचा आवाज उतरला आणि तिने त्याला सगळं सांगितलं. कोरी जागा, लाल शाई, खिडकी, सदरा, अर्धवट टाकलेलं ताट. "मला वाटलं, कालवण खारट झालं," ती म्हणाली आणि हसली.

"बाबा कधी बोलले नाहीत," मुलगा म्हणाला.

"बोलायचे की. डाव्या बाजूला बसून."

तिने बिल्ला त्याच्या हातात ठेवला. त्याने दिवा जवळ ओढला आणि लाखेतला तो खोलगट कान बघितला. मग आईचा. पुन्हा लाखेतला. आणि या साम्राज्यात जन्मलेल्या प्रत्येकाच्या हाताला जी सवय होती, त्या सवयीने त्याचा अंगठा त्याच्या नकळत त्या खळग्यात गेला आणि पाळीवरून हलकेच फिरू लागला. ओठही हलले.

मावशीने त्याच्या हातावर चापट मारली.

"चोळू नकोस," ती म्हणाली. "झिजेल."